वाड्याचा शोक आणि प्रभाची शोकात्मता

१

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या पुढील दोन नाटकांसह त्याची नाट्यत्रयी पूर्ण झाली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ती सलग प्रयोगाच्या रूपाने सादर केली. २०१४ मध्ये त्यांच्याच दिग्दर्शनाखाली ‘वाडा चिरेबंदी’ नव्या संचात पुन्हा उभे राहिले. या सर्व काळात नाटकाच्या आकलनाची एक वाट इतकी रुळली आहे की तिच्यावरून चालताना ती वाट आहे याचेही भान राहत नाही. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा हाच नाटकाचा खरा नायक, त्याचे ढासळणे हे एका सरंजामी जीवनपद्धतीचे ढासळणे, आणि तात्याजींच्या मृत्यूनंतर तेरा दिवसांसाठी एकत्र आलेली भावंडे ही त्या पडझडीची साक्षीदार, असे हे आकलन आहे. पदव्युत्तर वर्गांतील टिपणांत आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ते जवळजवळ ठरावीक शब्दांत उतरते.

हे आकलन चूक नाही. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, तेराव्याच्या गावजेवणासाठी वाड्याचा भाग विकण्यापर्यंत आलेली वेळ, पेटीत बंद असलेले पिढीजात सोने या सर्व तपशिलांतून ऱ्हासाचे आशयसूत्र नाटककाराने स्वतःच गुंफले आहे. प्रश्न आहे तो या आकलनाने काय झाकले जाते, हा. वाड्याला नायकत्व बहाल केले की वाड्यातील माणसे त्याची उपांगे होतात. भिंत खचते तशी माणसेही खचतात, आणि दोन्ही खचण्यांसाठी एकच उसासा पुरतो. प्रभा ही या उसाशाखाली सर्वाधिक दडपली गेलेली व्यक्तिरेखा आहे. प्रभाचे आयुष्य वाडा पडल्यामुळे उद्ध्वस्त झालेले नाही. वाडा उभा होता तेव्हाच, आणि तो उभा राहावा म्हणून, ते उद्ध्वस्त केले गेले. कारणांचा हा क्रम उलटा लावला तर नाटकाची शोकात्मता केवळ स्मरणरंजनात विरघळून जाते.

२

प्रभा ही देशपांड्यांची मुलगी, बुद्धीने तल्लख आणि शिकण्याची आस असलेली. पुढील शिक्षणासाठी गाव सोडून अमरावतीला जाणे आवश्यक होते. तात्याजींनी ते नाकारले, कारण देशपांड्यांच्या घराण्याची प्रतिष्ठा. नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा या नकाराला कित्येक वर्षे लोटलेली आहेत, लग्न झालेले नाही, आणि नकार देणारा पुरुष नुकताच मरण पावलेला आहे. म्हणजे प्रभाच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग रंगमंचावर घडतच नाही, आणि तो घडवणारा बापही रंगमंचावर येत नाही. नियंत्रण करणारा बाप अदृश्य ठेवून त्याचे नियंत्रण मात्र प्रत्येक प्रवेशात जाणवत ठेवणे, ही या नाट्यरचनेची फार महत्त्वाची निवड आहे. अंथरुणाला खिळलेली दादी गेलेल्या मुलालाच हाका मारत राहते. त्या हाकांमुळे मृत तात्याजी घरातल्या जिवंत माणसांपेक्षा अधिक उपस्थित ठरतात.

युरोपीय नाट्यपरंपरेत या निवडीला ठळक पूर्वसूरी आहेत. इब्सेनच्या ‘हेडा गाब्लर’मध्ये (१८९०) जनरल गाब्लर हयात नाही, पण त्याचे चित्र भिंतीवर आहे आणि त्याची पिस्तुले मुलीच्या हाती आहेत. चेखॉव्हच्या ‘तीन बहिणी’ (१९०१) या नाटकाचा आरंभ बापाच्या मृत्यूला बरोबर एक वर्ष पूर्ण होण्याच्या दिवशी होतो. एलकुंचवारांच्या संदर्भात चेखॉव्हचे नाव वारंवार घेतले जाते, ते बहुधा वातावरणनिर्मितीच्या संदर्भात. बापाच्या संदर्भात ही तुलना अधिक फलदायी ठरते. प्रोझोरोव्ह भावंडांच्या बापाने त्यांच्यावर शिक्षण लादले. त्यांना अनेक भाषा येतात आणि त्या आडगावात त्या भाषांचा काही उपयोग नाही. बाप गेल्यावर आपले शरीर जणू मोकळे होऊन फुगू लागले, असे आंद्रेई सांगतो. तात्याजींनी मुलीला शिक्षण नाकारले. एका बापाने अतिरिक्त दिले, दुसऱ्याने आवश्यक तेही दिले नाही, पण मुलांच्या वाट्याला आलेली स्थिती एकच आहे. त्यांची ‘मॉस्को’ आणि प्रभाची अमरावती या दोन्ही न गाठता आलेल्या जागा आहेत. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नियंत्रणाचा दोष नियंत्रकाने काय दिले वा काय नाकारले यात नसतो. मुलाच्या आयुष्याचा निर्णय मुलाच्या हातून काढून घेण्यात तो असतो.

मात्र येथे एक फरकही नोंदवला पाहिजे. मॉस्को हे तीन बहिणींच्या बालपणाचे शहर आहे, त्यांना तिथे परतायचे आहे. प्रभाला कुठेही परतायचे नाही. तिला प्रथमच कुठेतरी जायचे होते, आणि ते ठिकाण एसटीच्या काही तासांच्या अंतरावर होते. स्वप्नाची ही लहानशी मर्यादा तिच्या शोकात्मतेला अधिक बोचरी करते.

३

एकाकीपण हा शब्द आपल्या समीक्षेत फार सैलपणे वापरला जातो. १९६० नंतरच्या साहित्याच्या चर्चेत तर परात्मता, तुटलेपण आणि एकाकीपण हे शब्द परस्परांचे पर्याय असल्यासारखे योजले गेले. अस्तित्ववादी विचाराच्या प्रभावाखाली एकाकीपण ही मानवी अस्तित्वाची मूलभूत अवस्था मानली गेली आणि त्यामुळे ते कोणी निर्माण केले हा प्रश्नच अप्रस्तुत ठरला. प्रभाचे एकाकीपण या प्रकारचे नाही. ते तयार केले गेले आहे, आणि ते कसे तयार झाले याच्या पायऱ्या नाटकातून शोधता येतात.

पहिली पायरी बाहेर जाण्याचा रस्ता बंद करण्याची. ती तात्याजींनी एका नकाराने पूर्ण केली. दुसरी पायरी अधिक सूक्ष्म आहे. जिचे शिक्षण अर्ध्यावर थांबवले जाते, तिची जाणीव थांबत नाही. घरातील अन्य माणसांहून ती वेगळा विचार करू लागलेली असते, पण तो विचार कोणाशी बोलावा असे माणूस घरात उरत नाही. आई सोसणारी आहे, वहिनी संसार सांभाळणारी आहे, रंजू सिनेमाच्या स्वप्नांत हरवलेली आहे. तेराव्यापर्यंत वाडा माणसांनी भरलेला आहे आणि तरी प्रभाशी बोलणारे कोणी नाही. जे बोलणे होते ते कडवट होते, कारण संवादाची सवय मोडलेल्या माणसाजवळ उपरोधाखेरीज दुसरी भाषा शिल्लक राहत नाही. तिचा कडवटपणा हा स्वभावदोष म्हणून वाचला जातो. तो वस्तुतः दीर्घ मौनाचा परिणाम आहे. तिसरी पायरी सर्वांत भयंकर असते. रस्ता अडवणारा निघून जातो, पण अडवलेल्या व्यक्तीचे पाय आता निघत नाहीत. तात्याजी गेले, दार उघडे आहे, आणि तरी प्रभा वाड्यात आहे. पिढीजात सोन्यातील वाट्याशी तिने सुटकेची आशा जोडलेली असते. रंजू ते सोने घेऊन शिकवणी घेणाऱ्या मास्तराबरोबर मुंबईला पळून जाते. रंजू परत येते, सोने परत येत नाही. त्यासोबत प्रभाच्या अमरावतीचा विषयही संपतो.

लोर्काच्या ‘बेर्नार्दा आल्बाचे घर’ (१९३६) या नाटकाशी येथे तुलना करणे उद्‌बोधक आहे. तेथेही घरातील पुरुषाच्या मृत्यूनंतरचे सुतक हीच नाटकाची चौकट आहे. आठ वर्षांच्या सुतकाची शिक्षा आई मुलींना फर्मावते. गोविंद निहलानी यांनी १९९१ मध्ये ‘रुक्मावती की हवेली’ या चित्रपटातून ही कथा राजस्थानी पार्श्वभूमीवर आणली. बेर्नार्दा जिवंत आहे, काठी आपटत समोर उभी आहे, म्हणून तिच्या धाकट्या मुलीला बंड करता येते, भले त्या बंडाचा शेवट मृत्यूत होवो. प्रभाच्या समोर काठी धरलेले कोणी नाही. ज्याच्याशी भांडायचे तो चितेवर जाऊन आलेला आहे आणि त्याच्या नावाने घरात विधी चालू आहेत. मेलेल्या बापाविरुद्ध बंड करता येत नाही, आणि त्याला क्षमाही करता येत नाही, कारण त्याने ती मागितलेली नाही.

४

प्रभा ही शोकात्म व्यक्तिरेखा नसून केवळ करुण व्यक्तिरेखा आहे, असा आक्षेप या विवेचनावर घेतला जाईल. शोकात्म नायकाने कृती केली पाहिजे, त्याच्या कृतीतील प्रमादातून त्याचा विनाश ओढवला पाहिजे. प्रभा तर काहीच करत नाही, तिच्यावर सर्व काही केले जाते. ॲरिस्टॉटलच्या चौकटीत हा आक्षेप सबळ आहे. दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. व्यक्तिरेखेच्या घडणीचे सारे श्रेय वा अपश्रेय पालकाला दिले तर साहित्यकृती ही मानसशास्त्रीय प्रकरणनोंद होते आणि व्यक्तिरेखेचे स्वत्व नष्ट होते.

या दोन्ही आक्षेपांचे उत्तर भावंडांच्या तुलनेत मिळते. एकाच बापाच्या नियंत्रणाला चार मुलांनी चार प्रकारे उत्तर दिले आहे. भास्कर बापाचे अनुकरण करतो, त्याच्या गादीवर बसतो आणि प्रतिष्ठेचे तेच नाटक कर्ज काढून पुढे चालवतो. सुधीर निघून जातो, मुंबईत नोकरी करतो, अंजलीसारख्या वेगळ्या वळणाच्या घरातील मुलीशी लग्न करतो, आणि तरी वाड्याकडे ओढला जातो. चंदू सेवा करतो, इतकी की घरच्यांना त्याच्या चिघळलेल्या पायाकडे पाहण्याचीही सवड होत नाही. प्रभा यांपैकी काहीच करत नाही. ती अनुकरण करत नाही, सेवेत स्वतःला विसरत नाही, आणि झाले ते योग्यच झाले असे स्वतःला पटवूनही देत नाही. नियंत्रणाने घडणच पूर्णपणे ठरत असती तर चौघे एकसारखे झाले असते. त्यांच्यातील फरक हेच त्यांचे स्वत्व आहे. प्रभाचे स्वत्व तिच्या समेट न करण्यात आहे. जे झाले ते अन्याय्य होते हे ती विसरत नाही आणि इतरांना विसरू देत नाही. या घरात ही एक कृती आहे, आणि तिची किंमत ती एकाकीपणाने मोजते. करुण व्यक्तिरेखेला आपल्या स्थितीचे ज्ञान असेलच असे नाही. प्रभाला ते आहे, आणि हे ज्ञान तिला कुठेही घेऊन जाऊ शकत नाही. करुण आणि शोकात्म यांच्यातील सीमारेषा येथे ओलांडली जाते.

चंदूच्या उदाहरणाने आणखी एक गोष्ट सांगता येते. नियंत्रणाचा प्रश्न केवळ मुलींचा नाही. परंतु मुलग्याला बाहेर पडण्याची एक तरी संधी बहुधा मिळते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’मधील (१९६३) पांडुरंग सांगवीकरचा बापही पैशाच्या आणि अपेक्षांच्या बळावर मुलाला धाकात ठेवतो. पण पांडुरंग पुण्याला जातो, वसतिगृहात राहतो, पैसे उधळतो, नापास होतो, परत येतो, आणि मुख्य म्हणजे हे सर्व स्वतःच्या तोंडाने सांगतो. हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील यमूला तर अधिक क्रूर छळ सोसावा लागतो, तरी तिचीही कहाणी तिच्याच निवेदनातून आपल्यापर्यंत पोचते. प्रभाला निवेदन नाही. नाटकाच्या रूपबंधात तिला मिळतात त्या इतरांच्या संवादांमध्ये घुसलेल्या तिच्या तुटक प्रतिक्रिया. म्हणून तिचे ऐकण्याची जबाबदारी वाचकावर आणि प्रेक्षकावर अधिक पडते.

५

ही जबाबदारी मुंबईच्या उपनगरांत विशेष अर्थपूर्ण ठरते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील मराठी मध्यमवर्ग कोणी कोकणातून, कोणी घाटावरून, कोणी विदर्भ-खानदेशातून, तर कोणी गिरगाव-लालबागच्या चाळी सोडून येथे वसला. अनेक घरांत मागे राहिलेल्या एखाद्या वास्तूची आठवण आहे, भाऊबंदकीत अडकलेला जमिनीचा तुकडा आहे. हा वर्ग म्हणजे सुधीरचा वर्ग. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात किंवा मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात बसणाऱ्या या प्रेक्षकाला वाड्याचे ढासळणे पाहून गलबलून येणे स्वाभाविक आहे. परंतु या गलबलण्यात एक सोय दडलेली आहे. दोन खोल्यांच्या सदनिकेत बसून चौकाच्या, ओटीच्या, माजघराच्या आठवणीने डोळे ओले करताना, त्या माजघरातून बाहेर पडू न दिलेल्या बाईचा विसर पडू शकतो. वाड्यासाठी रडणे म्हणजे नकळत तात्याजींच्या बाजूने रडणे होय. ज्या प्रतिष्ठेपायी प्रभाला अमरावती नाकारली गेली, त्याच प्रतिष्ठेच्या लोपाबद्दल हा शोक असतो.

आणि प्रभाला केवळ धरणगावची मानणे हीदेखील अशीच सोय आहे. वाडा मागे राहिला म्हणून तात्याजीही मागे राहिले, असे गृहीत धरता येत नाही. उपनगरातील घरात मुलीला पदवीपर्यंत शिकवणे आज प्रतिष्ठेचे मानले जाते. तेथे नियंत्रण नकाराच्या रूपाने येत नाही. कोणती शाखा घ्यावी, कोणत्या गाडीने परतावे, कोणाशी बोलावे, नोकरी कोणत्या अंतरापर्यंतची असावी, या रूपांत ते येते, आणि मुलगी कुठे पोचली हे आता खिशातील मोबाइलही सांगतो. विभावरी शिरूरकरांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) मध्ये मिळवत्या मुलीवर विसंबलेले आईबाप दाखवले, तेव्हा शिक्षण आणि अर्थार्जन यांतून मुक्ती आपोआप येत नाही, हे मराठी वाचकाला फार पूर्वीच कळायला हवे होते. गर्दीने भरलेल्या लोकलमधून गर्दीने भरलेल्या घरात परतणारी मुलगी एकाकी असू शकते, जशी सुतकाच्या दिवसांत भरलेल्या वाड्यात प्रभा एकाकी होती.

नियंत्रण सनातनी बापच करतो, हाही असाच एक सोयीचा समज. विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’मधील (१९८३) नाथ देवळालीकर हा समाजवादी, लोकशाही मानणारा, घरात मोकळी चर्चा करणारा बाप आहे. जातिभेद नष्ट करण्याचे आपले स्वप्न तो मुलीच्या विवाहातून साकार होताना पाहतो. अरुण आठवले या दलित कवीच्या चित्रणावर जे तीव्र आक्षेप घेतले गेले ते बाजूला सारता येत नाहीत. तरीही बाप आणि मुलगी यांच्या नात्याचे जे दर्शन तेथे घडते ते टिकून राहते. ज्योती मार खाते आणि बाप व्यासपीठावरून जावयाच्या आत्मचरित्राचे कौतुक करतो. अखेरीस ती बापाच्या घराशी नाते तोडून नवऱ्याकडे परत जाते, कारण मागे फिरणे वाईट ही शिकवण तिच्या रक्तात बापानेच भिनवली आहे. तात्याजींनी प्रभाला घरात कोंडले, नाथने ज्योतीला आदर्शात कोंडले. तात्याजींना हुकूम करावा लागला. नाथला हुकूम करावा लागला नाही, हे त्याच्या नियंत्रणाचे यश आणि तिचे दुर्दैव. दोघींना शेवटी कोणीही उरत नाही. प्रभाला निदान आपल्यावर अन्याय कोणी केला हे ठाऊक आहे. ज्योतीला ते समजते तोवर तिची सारी भाषाच बापाची झालेली असते.

६

या दोन नाटकांना शेजारी ठेवून वाचले तर व्यवस्थेकडे बोट दाखवून थांबण्याची सवय मोडते. ‘प्रभा ही सरंजामी पुरुषप्रधान व्यवस्थेची बळी आहे’ हे विधान उत्तरपत्रिकेत निर्दोष ठरते, आणि नेमके म्हणूनच ते धोक्याचे आहे. व्यवस्था कोणाच्याही शेजारच्या खोलीत राहत नाही. तात्याजी राहत होते. व्यवस्थेने त्यांना अधिकार दिला, पण नकार त्यांनी दिला, एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट मुलीला. व्यवस्थेचे विश्लेषण आवश्यक आहे; ते व्यक्तीच्या उत्तरदायित्वाची जागा घेऊ लागले तर मात्र साहित्याच्या अभ्यासातून नैतिक प्रश्नच हद्दपार होतो आणि उरते ती पारिभाषिक शब्दांची उजळणी.

वर्गात समोर बसलेल्या विद्यार्थिनींपैकी काहींना प्रभाची कहाणी इतिहास म्हणून ऐकवली जात असताना ती वर्तमान म्हणून ऐकू येत असते, ही शक्यता अध्यापकाने नाकारू नये. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या उद्याच्या बापांसाठीही, नाटकाला विचारायचा प्रश्न बदलता येईल. वाडा कशाचे प्रतीक आहे, हे दरवर्षी विचारले जाते आणि त्याचे उत्तर आता सर्वांना पाठ आहे. त्याऐवजी, तात्याजींच्या मृत्यूने प्रभाच्या आयुष्यात नेमके काय बदलले, असे एकदा विचारून पाहावे. या प्रश्नाचे उत्तर टिपणांत सापडत नाही. त्यासाठी संहिता पुन्हा उघडावी लागते, आणि प्रभा जिथे जिथे बोलते तिथे थांबावे लागते.